पाच वॉटचा डोळा, दोन किलोवॉटचा वारा

मामा : कॅमेरा तापला की गाडी म्हणती, मला आता दिसत नाही. बरं, मग मी काय करायचं? तर एसी मोठा करायचा आणि वारा पुढच्या काचेवर सोडायचा. हे कुणा मेकॅनिकनं सांगितलेलं नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलंय.

भाची : काही गाड्यांच्या पुस्तकात छापलंय आणि ते बरोबरच आहे. उन्हात उभ्या गाडीत आरशामागचा कॅमेरा तापतो. मर्यादा ओलांडली की स्वतःहून बंद होतो. चुकीचं बघून मध्येच ब्रेक मारण्यापेक्षा ‘मी बघत नाही’ असं सांगितलेलं बरं, नाही का?

मामा : बरंच की. पण तळहातावर मावेल एवढा तो डबा, आणि त्याच्यापायी आख्खी गाडी गार करायची?

मामा आणि भाची ही दोघंही मी बेतलेली माणसं आहेत. वाद मात्र खरा आहे, आणि तो मांडायला केडगाव ही चांगली जागा आहे. दौंड तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या जगाला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ठाऊक आहे, पण गाडीवाले ते ओळखतात शेजारच्या चौफुल्यामुळे. शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा आणि पुढे सुप्याकडे जाणारा रस्ता इथे पुणे-सोलापूर महामार्गाला छेदतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेली कोरी गाडी, कांद्याचा ट्रक, दुधाचा टँकर आणि दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर एकाच चौकात एकमेकांना कट मारतात. आसपास गुऱ्हाळं आहेत, चिपाडं घालून पेटवलेल्या चुलवणांचा धूर आहे आणि उन्हाळ्यात सगळ्यावर फुफाटा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीशी खेळत असतो.

माझे मामा पूर्वी ट्रक चालवायचे, आता केडगाव स्टेशनच्या रस्त्यावर वायरिंगची कामं घेतात. भाची चाकणला असते. वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांतून उष्णता बाहेर कशी काढायची, हे तिचं रोजचं काम. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७००मध्ये २०२१ साली रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा आली, २०२३ साली टाटांच्या हॅरिअर आणि सफारीत आली. अशा गाड्या वॉरंटी संपली की मामांसारख्यांच्याच दारात येतात. त्यामुळे मामांचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

भाची : एसीचा हिशेब आधी करू. कॅमेरा आणि त्याच्यामागची चित्र वाचणारी चिप मिळून पाचेक वॉट खातात. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आता वरून ऊन. भर दुपारी दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास. कॅमेऱ्याच्या आवरणाची काचेकडची बाजू धरा दहा बाय बारा सेंटिमीटर. त्यावर बारा वॉट पडतात. काच त्यातले बरेच अडवते, सहा-सात आत येतात.

मामा : म्हणजे कॅमेरा चालू असून जेवढा तापतो, तेवढंच ऊन त्याला बंद असताना तापवतं.

भाची : थोडं जास्तच. आणि तेवढ्यावर भागत नाही. बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते. काचेलगत आणि डॅशबोर्डवर त्याहून जास्त. चाळिसाचे साठ तिथंच झाले. चिप तर आपल्या डब्यापेक्षाही गरम असते.

मामा : आणि हे उतरवायला एसीचा कॉम्प्रेसर. किती घेतो तो?

भाची : इलेक्ट्रिक गाडीत सुरुवातीला दोन किलोवॉट धरा. पाच वॉटच्या डोळ्यासाठी दोन हजार वॉटचा वारा. मलाही ते पटत नाही. गाडीत माणूस बसलेला असतो, त्यालाही गारवा हवा असतो, म्हणून ते खपून जातं.

मामा : मग डबा काळा कशाला करता? पांढरा करा.

भाची : पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि कॅमेऱ्याला रस्त्याऐवजी स्वतःचंच आवरण दिसायला लागतं. म्हणून काळा, तोही बिनचमकीचा. पण डोळ्याला काळा दिसणारा आणि न दिसणारं ऊन परतवणारा रंग बनवता येतो. उन्हातली निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते, ती आपल्याला दिसतच नाही. काचेलाही तसा थर देता येतो. पुढच्या काचेतून दिसणारा प्रकाश निदान सत्तर टक्के आत आला पाहिजे असा नियम आहे. अवरक्त अडवायला तो आड येत नाही.

मामा : तसली काच बसवली की फास्टॅग वाचत नाही म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडं येतं.

भाची : थर धातूचा असला तर हो, रेडिओलहरी अडतात. म्हणून आरशाजवळ तेवढा तुकडा थराशिवाय सोडतात.

मामा : जिथं कॅमेरा असतो.

भाची : जिथं कॅमेरा असतो, हो.

इथे मामांनी चहा सांगितला. मुद्दा जिंकल्यावर ते तसं करतात.

मामांची भूमिका साधी आहे. ऊन आत येऊ द्यायचं आणि मग वीज जाळून ते बाहेर काढायचं, हा त्यांना उधळेपणा वाटतो. जो सेन्सर थंड ठेवावा लागतो तो या रस्त्यासाठी बनलेलाच नाही, इथपर्यंत ते जातात. त्यांच्या बाजूने मी एक साक्षीदार उभा करतो. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे, जुने पुणेकर त्याला सिमला ऑफिस म्हणतात. या खात्याच्या देशभरच्या वेधशाळांत तापमापक ज्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो तिला चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या असतात. वारा आत येतो, ऊन येत नाही. टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने १८६०च्या दशकात ती आखली (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा त्याचा मुलगा). दीडशे वर्षं ही पेटी एका सेन्सरला उन्हापासून सांभाळते आहे आणि तिला विजेची तार नाही.

मामांना स्टीव्हन्सन माहीत नाही. त्यांना कांदाचाळ माहीत आहे.

मामा : चाळीला तळ उचललेला असतो, खालून हवा घुसते, बाजूच्या फटींतून निघून जाते. छपराला पुढं वळचण. सहा महिने कांदा राहतो. कुठं लागतो कॉम्प्रेसर?

भाची : चाळीत कांदा किती उंच भरता?

मामा : पाचेक फूट. त्याच्या वर गेलं की मधला कांदा सडतो.

भाची : का सडतो?

मामा : वाफ धरतो. कांद्याला बी ऊब असती, तो जिता असतो.

भाची : तेच म्हणतेय. कांदाही आतून उष्णता काढतो, म्हणून तुम्ही थराची उंची बांधून घेतली. हवामान खात्याचा तापमापक आतून काहीच उष्णता काढत नाही, त्याला सावली पुरते. आमची चिप कांद्यासारखी आहे. दरवर्षी तेवढ्याच डब्यात जास्त कांदा कोंबायला सांगतात.

माझ्या मते या वादातलं हे सर्वांत नेमकं वाक्य आहे. सेन्सर थंड ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत : बाहेरची उष्णता आत येऊ न देणं आणि आतली बाहेर जाऊ देणं. गंमत अशी की पहिल्यासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या आड येते. डब्याभोवती जाड गादी लपेटली तर ऊन थांबतं आणि चिप आतल्या आत उकडते. पोकळ सावली मात्र दोन्हीला चालते, म्हणून पट्ट्यांची पेटी आणि चाळ दोन्ही तशाच आहेत. गाडीच्या काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याला मागून वारा मिळत नाही, हे त्याचं मूळ दुखणं.

भाची : म्हणून काही जण पेल्टिअर सुचवतात. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी गरम. १८३४ सालचा शोध. हलणारा भाग नाही, आवाज नाही, गॅस नाही.

मामा : गाडीतला तो छोटा फ्रिज तसलाच ना? त्यात पाणी गार होईस्तोवर सोलापूर येतं.

भाची : तोच. दहा वॉट उष्णता तीस अंशांच्या फरकावर चढवायची तर वरून आणखी दहा ते वीस वॉट वीज खातो. आणि ती वीजही उष्णताच होते. म्हणजे गरम बाजूनं तीस वॉटपर्यंत बाहेर टाकायचे. त्यासाठी पुन्हा पंखा किंवा उष्णता हवेत सोडणारा मोठा हीट सिंक.

मामा : मग त्या हीट सिंकलाच कॅमेरा चिकटवा की थेट! मधला माणूस कशाला?

भाची : बऱ्याच ठिकाणी तेच उत्तर आहे. पण सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षाही गार हवा असेल, तर मधला माणूस लागतो. नुसत्या हीट सिंकनं हवेच्या खाली कधीच जाता येत नाही.

पेल्टिअरच्या विजेबद्दल लोक आकांत करतात तेव्हा आकडा पाहावा. वीस वॉट दोन तास चालवले तर चाळीस वॉट-तास. इलेक्ट्रिक मोटार एका किलोमीटरला १३० वॉट-तासांच्या आसपास घेते, म्हणजे तीनशे मीटरचं नुकसान. पुण्याहून केडगावला येताना यवतपाशी रस्ता चुकलात तर याहून जास्त जाईल. मामांनी हा आकडा ऐकला तेव्हा त्यांचा उत्साह मावळला. एवढ्याशासाठी भांडतोय का आपण, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. भाचीने त्यांना सुटू दिलं नाही.

भाची : एका डब्याचा हिशेब तसाच दिसतो. पण स्वतः चालणाऱ्या गाडीत असे डबे वीस-तीस, आणि त्यांचं सगळं वाचणारा संगणक वेगळा. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २०२३ साली हिशेब मांडला. अशा शंभर कोटी गाड्या रोज तासभर चालल्या आणि प्रत्येकीतला संगणक ८४० वॉट घेत असला, तर जगभरच्या डेटा सेंटरांइतकं उत्सर्जन होईल. त्याआधी २०१८ साली मिशिगन विद्यापीठानं काढलं होतं की सेन्सर आणि संगणकांमुळं गाडीची ऊर्जा तीन ते वीस टक्क्यांनी वाढू शकते. त्यात वजन आलं, टपावर बसवलेल्या डब्याला वारा अडतो ते आलं.

मामा : केडगावात स्वतः चालणारी गाडी येईपर्यंत मी नसेन.

भाची : तुमच्या हयातीतलं बोलते. तुम्ही म्हणता तापणारा सेन्सर घेऊच नका. कोणता घेऊ नको? सगळे सारखे तापत नाहीत आणि तापल्यावर सारखे बिघडत नाहीत. रडार घ्या. बंपरच्या मागं असतं, वारा खातं. गरम झालं की लहरी सोडायचं प्रमाण कमी करतं आणि काम चालू ठेवतं. त्याला चिखलाचा त्रास जास्त.

मामा : आणि कॅमेरा?

भाची : कॅमेऱ्यात अंधार असला तरी चिपमध्ये थोडी वीज झिरपत असते. दर सहा ते आठ अंशांना ती झिरप दुप्पट होते. पंचविसावरून पासष्टवर गेलात की तीसपासून शंभर पटीपर्यंत. चित्रात वाळू सांडल्यासारखी दिसते.

मामा : थांब. दिवसा उजेड बक्कळ, वाळू दिसणारच नाही. रात्री हवा गार, वाळू पडणारच नाही. मग अडचण कधी?

भाची : मेमध्ये संध्याकाळी सात-साडेसात. गाडी दुपारभर उन्हात होती, आत्ताच निघाली, उजेड गेलेला, डबा अजून निवलेला नाही.

मामा : आणि उसाची ट्रॉली पुढं, मागं दिवा नाही.

भाची : मेमध्ये हंगाम संपलेला असतो ना?

मामा : मार्चमध्ये असतो की. तेव्हा बी ऊन काही कमी नसतं.

मामांनी इथे अभियंत्याचं काम केलं आहे, त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. ‘कॅमेरा किती अंशांपर्यंत चालतो’ हा प्रश्न त्यांनी ‘कोणत्या घटकेला कमी पडतो’ असा फिरवला. ती घटका अर्ध्या तासाची असेल, तर अर्ध्या तासापुरतीच सोय हवी. दिवसभर चालणारं शीतयंत्र नको. भाचीनेही लगेच तो धागा पकडला.

भाची : तेवढ्यासाठी मेण चालतं. पॅराफिन. वितळताना ते किलोमागं दोन लाख जूल गिळतं. डब्यात पन्नास ग्रॅम ठेवलं तर दहा हजार जूल. पाच वॉटची उष्णता तेहतीस मिनिटं तापमान जवळजवळ न वाढता गिळून घेईल. तोवर गाडी वेग धरते, काच निवते, मेण पुन्हा गोठतं.

मामा : मेण दुपारीच वितळून बसलं तर?

भाची : मग उपयोग शून्य. म्हणून साठ-पासष्ट अंशांना वितळणारं निवडायचं. आणि ते कुठल्या गावच्या दुपारवर ठरवायचं, त्यावर सगळं आहे. जर्मनीतल्या उन्हाळ्यावर निवडलेलं मेण चौफुल्यावर अकरा वाजताच पाणी होईल.

मामा : आता न तापणाऱ्याचं सांग.

भाची : तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुम्हाला माहीतच नाही. लायडार. आपल्याकडच्या गाड्यांत तो जवळपास नाहीच, पण परदेशात आहे. लेझरचा ठोका सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. परत आलेला प्रकाश अगदी क्षीण असतो, त्यात दुपारचं ऊन मिसळलेलं. म्हणून पुढं गाळणी बसवतात, फक्त लेझरच्याच रंगाचा प्रकाश आत घेणारी. लेझर ९०५ नॅनोमीटरचा. पण तापला की त्याचा रंग सरकतो, अंशाला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास. गाडीला उणे चाळीसपासून पंच्याऐंशीपर्यंत चालायला हवं. म्हणजे सदतीस-अडतीस नॅनोमीटर इकडचा तिकडं. आता दोन वाटा. गाळणी तेवढी रुंद करा, म्हणजे ऊन आत घ्या. नाहीतर लेझर एकाच तापमानाला बांधून ठेवा, म्हणजे वीज जाळा.

मामा : तिसरी वाट असणार, नाहीतर तू एवढं सांगितलं नसतंस.

भाची : तिसरी वाट लेझरच बदलायचा. विक्सेल नावाचे लेझर असतात, चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडतात. त्यांचा रंग अंशाला ०.०७ नॅनोमीटरच सरकतो. त्याच पट्ट्यात नऊच्या आत. गाळणी चौपट अरुंद झाली, ऊन तेवढं कमी आलं, लेझरला बांधून ठेवायचं कारण संपलं. पूर्वी त्यांची ताकद कमी पडायची. थरावर थर रचून ती वाढवली.

मामा : म्हणजे थंड न करता गारव्याचं काम झालं.

भाची : रात्री बघणाऱ्या उष्णता-कॅमेऱ्याचंही तसंच झालं. लष्करातले जुने कॅमेरे उणे दोनशे अंशांच्या आसपास गार करावे लागायचे, बरोबर छोटा कॉम्प्रेसर असायचा. मग न गोठवता चालणारे आले, आणि २००० साली अमेरिकेत कॅडिलॅक डेव्हिल या मोटारीत रात्री बघायची सोय आली ती त्याच जातीची. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांतही तापमान स्थिर राखायला पेल्टिअर असायचा. आता पुष्कळ ठिकाणी तोही काढला. कारखान्यातच वेगवेगळ्या तापमानांना कॅमेरा काय चुकतो ते नोंदवून ठेवतात आणि चालताना तेवढी चूक वजा करतात. विजेऐवजी वजाबाकी.

मामा : मग तो कॅमेरा लावा ना सगळ्या गाड्यांना. उसाची ट्रॉली दिसेल.

भाची : ट्रॅक्टरचं इंजिन दिसेल. उसाची बैलगाडी असेल तर बैल लख्ख दिसतील. ट्रॉली हवेइतकीच गार असते, ती फारशी दिसणार नाही. आणि मागून येणाऱ्याच्या पुढ्यात ट्रॉलीच असते.

मामा थोडा वेळ गप्प बसले. तंत्रज्ञान गावच्या रस्त्यावर आलं की असे तपशील निघतात; परदेशी रस्त्यावर न उगवलेली वस्तू इथे उगवते. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी लावणं हा सेन्सर थंड ठेवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे, आणि रडार ती ट्रॉली पट्टीशिवायही पकडतं, हेही खरं.

मामा : एवढं सांगतेस, पण वीज न खाता खरोखर गार राहिलेला एखादा सेन्सर दाखव. मेण नको, वजाबाकी नको. गार.

भाची : पूर्वी बातम्यांत पावसाच्या ढगांची चित्रं यायची, ती बघायचात ना?

मामा : इन्सॅटची. बघायचो की, कांदा काढायच्या दिवसांत.

भाची : तो उपग्रह म्हणजेही वाहनच. रात्रीचे ढग बघायला त्याला अवरक्त सेन्सर होता आणि तो उणे दीडशे अंशांच्या खाली ठेवायला लागायचा. कॉम्प्रेसर नव्हता. सेन्सरला जोडलेला एक पत्रा सतत काळ्या आकाशाकडं तोंड करून असायचा आणि उष्णता तिकडं फेकायचा. पण त्यासाठी त्या बाजूला गरम असं काहीच नको. म्हणून इन्सॅट-२एला सौर पंख एकाच बाजूला होता. १९९२ सालचा हा आपल्याकडं बांधलेला उपग्रह. एकाच बाजूला पंख असला की उन्हाचा दाब उपग्रहाला फिरवतो, म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक शीड लावलं होतं, नुसता तोल सांभाळायला.

मामा : म्हणजे एका सेन्सरच्या गारव्यापायी आख्ख्या उपग्रहाचा आकार बदलला.

भाची : हो.

मामा : आणि तुम्ही? काच आधी ठरवता, आरसा आधी ठरवता, मग उरलेल्या बोळात कॅमेरा कोंबता आणि विचारता, आता ह्याला गार कसा करू?

भाचीकडे यावर उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. ऊर्जा वाचवायची जागा शीतयंत्राच्या कार्यक्षमतेत फारशी नाही. ती कागदावर गाडी आखली जाते त्या दिवशी असते : डबा कुठे बसेल, त्याची पाठ कशाला टेकेल, वारा कुठून लागेल. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी, १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था आहे, चाकण-रांजणगावात कारखाने आहेत, उष्णतेचं गणित येणारी माणसं आहेत. तरी सेन्सरची जागा बहुधा दुसऱ्या हवेतल्या देशात ठरलेली असते आणि इथे तिची फक्त परीक्षा होते.

आकाशाकडे उष्णता फेकायची ती युक्ती जमिनीवरही होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली एक पृष्ठभाग भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा जवळजवळ पाच अंश गार राहिला. त्याची ताकद चौरस मीटरला चाळीस वॉट. कॅमेऱ्याच्या डब्याएवढ्या जागेत अर्धा वॉटही नाही. टपाला फासला तर केबिन थोडी निवेल, पण केडगावात त्यावर दोन दिवसांत गुऱ्हाळाची काजळी बसेल. मामांनी तो विषय ‘रोज कोण पुसणार’ या तीन शब्दांत मिटवला.

मामा : आणि ड्रायव्हरचं काय? मी गाडी चालवायचो तेव्हा इंजिन पायापाशी. मेमध्ये केबिनमध्ये भाजून निघायचो. तेव्हा कुणी पुस्तकात नाही छापलं की ड्रायव्हर तापला तर वारा सोडा.

भाची : आता छापलंय. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे.

मामा : हेच तीस वर्षं आधी केलं असतंस तर तुझे निम्मे सेन्सर लागले नसते. डुलकी उकाड्यानं लागती.

भाची : पहाटे तीन वाजता उकाडा असतो का?

मामा : नसतो.

भाची : आणि डुलकी?

मामा : तेव्हाच जास्त. बरं, राहिलं.

भाची : पण तुमच्या बोलण्यातून एक निघतं. केबिनमध्ये गार हवा आता असणारच आहे. तिच्यातून बोटाएवढी नळी कॅमेऱ्यापर्यंत नेली तर पूर्ण काचेवर वारा सोडायची गरज नाही. गार हवा आधीच बनलेली आहे, चमचाभर हवी.

मामा : आणि नळी तुंबली की?

भाची : तुम्ही फुंकर मारायची.

मामा : फुंकरीवरनं आठवलं. असला एक डबा आमच्या पोरानं खोलला होता. चिप आणि ॲल्युमिनियमच्या पाठीच्या मध्ये करडी मऊ पट्टी असती. ती निघताना फाटती. आमच्या लाईनमधली पोरं ती टाकून देतात आणि सिलिकॉन सीलंट भरतात. दिसायला सारखंच.

भाची : मामा, तेच तर खरं कूलिंग! ती पट्टी सीलंटच्या पंधरापट उष्णता वाहून नेते. एक मिलिमीटरची पट्टी असेल आणि चिप नखाएवढी, तर पाच वॉटला चिप पाठीपेक्षा पंधरा-सोळा अंशच वर राहते. सीलंट भरलं तर कॅमेरा हिवाळ्यातही तापल्याचं सांगेल.

मामा : मग आमच्याकडं येती ती निम्मी गिऱ्हाइकं उन्हानं नाही, आमच्यासारख्यांनीच पाठवलेली. पट्टी सुटी मिळती का?

भाची : पुण्यात बुधवार पेठेत मिळते. अर्धा, एक, दीड मिलिमीटर. पण कोणत्या डब्यात कोणती, हे तुमच्या हातात येणाऱ्या पुस्तकात नसतं. डबा उघडायचाच नाही, नवा घ्यायचा, असं धरलेलं असतं.

मामा : नव्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक कॅमेऱ्याची वायरच काढ म्हणतं. मी व्हर्निअरनं जुनी मोजीन.

भाची : जुनी दाबलेली असते. मोजून येईल त्याच्या सव्वापट जाडीची घ्या. स्क्रू आवळल्यावर ती दाबली गेली पाहिजे, चिप नाही. आणि डबा परत बसवल्यावर कॅमेऱ्याचा नेम तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही. अंशाच्या अंशाएवढा वाकडा बसला तरी लांबची गाडी शेजारच्या लेनमध्ये दिसते. ते काम तुमच्या गॅरेजात होत नाही.

मामा : का होत नाही? काय लागतं?

भाची : सपाट जमीन, ठरलेल्या अंतरावर खुणा काढलेला फळा, आणि कंपनीचा स्कॅनर.

मामा : जमिनीवर कोबा करून घेतो. फळा आपला पेंटर रंगवील, मापं दे. स्कॅनरचं तू बघ.